कमरेचा आजार कमरेत राहिला नाही

सकाळी पलंगावरून उजवा पाय खाली सोडला आणि तो जमिनीला टेकायच्या आतच मी ओरडलो. माझी बायको नसीम स्वयंपाकघरातून धावत आली. तिने लुंगी वर सरकवली आणि आम्ही दोघंही गुडघ्याकडे बघत राहिलो. गुडघ्याची वाटी दिसतच नव्हती. तिच्या जागी तुकतुकीत, गरम, फुगलेला गोळा होता.

“कुठे आपटलात?”

“कुठेच नाही.”

“नीट आठवा. दुकानात, मशीनला वगैरे?”

मी खरोखरच आठवायचा प्रयत्न केला. आपटलो असतो तर किती बरं झालं असतं. आपटल्याचं दुखणं चार दिवसांनी उतरतं. पण आदल्या दिवशी मी नेहमीसारखा दुकानात बसलो होतो, तीन पँटी शिवल्या होत्या, घरी येऊन जेवलो होतो आणि झोपलो होतो. एवढंच.

मी युसूफ. पनवेलला उरण नाक्याजवळ माझं शिलाईचं दुकान आहे, गिऱ्हाइकं मला मास्टर म्हणतात. घरी आम्ही कोकणी बोलतो, पण शाळा मराठी झाली, म्हणून लिहितोय मराठीत. हे सगळं दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला सुरू झालं. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो आणि पाठीचा आजार लागून तीन वर्षं झाली होती. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. मणक्यांच्या सांध्यांना सूज येते आणि हळूहळू ते एकमेकांना चिकटत जातात, असं मला सांगितलं होतं. त्या वेळी मी घाबरलो होतो, पण मग एक हिशेब मनाशी बसवला. पाठ ताठ झाली तर होऊ दे. शिंप्याला हात लागतात, पाय लागतात, डोळे लागतात. ते माझे शाबूत आहेत. या एका समजुतीवर मी तीन वर्षं निवांत झोपलो.

तोच आहे

वाशीला सांध्यांच्या डॉक्टर मॅडम होत्या, त्यांच्याकडे माझे उपचार चालू होते. त्यांनी गुडघ्यात सुई घालून पाणी काढलं. पिवळट, घट्ट पाणी. सिरिंज भरली, दुसरी लावली, तीही अर्धी भरली. माझ्या आत हे कधी साठलं, मला पत्ता नव्हता.

मी विचारलं, “मॅडम, हा गुडघ्याचा वेगळा आजार ना?”

“नाही. तोच आहे.”

“पण तो तर पाठीचा आहे.”

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “पाठीत सुरू होतो. काही जणांचा पाठीतच राहतो. काही जणांत खुबे, गुडघे, टाचा, खांदे असे दुसरे सांधेही धरतो. मागच्या वर्षी तुमची टाच महिनाभर दुखत होती ना?”

ती टाच मी चपलेच्या नावावर टाकली होती. मग मशीनच्या पायडलच्या. नवी चपलही घेतली होती.

“ती पण तीच?”

“तीच.”

“मग आता पुढे कुठे धरेल?”

“ते मला सांगता येणार नाही, मास्टर. सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.”

त्यांनी पुढे बरंच सांगितलं. नव्या गोळ्या, व्यायाम, दर महिन्याला रक्ताची तपासणी. मी मान हलवत होतो, कानात काही शिरत नव्हतं. परत येताना खाडीच्या पुलावर मी माझे हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसलो. दहा बोटं. प्रत्येकाला तीन-तीन पेरं. एवढे सांधे माणसाला असतात, याचा मी त्याआधी कधी विचारच केला नव्हता.

लपवाछपवी

त्यानंतर माझी सकाळ बदलली. डोळे उघडायच्या आधी मी पडल्या पडल्या एकेक सांधा हलवून बघायचो. आधी बोटं, मग मनगटं, कोपर, खांदे. मग खाली टाचा, घोटे, गुडघे. एखाद्या ठिकाणी जरा कळ आली की तोच सांधा पुन्हा पुन्हा हलवून बघायचो. पाठ तासभर आखडलेलीच असायची, तिचं काही वाटेनासं झालं होतं. भीती होती ती नव्या जागेची.

एकदा मॅडमनी माझ्या छातीला टेप गुंडाळली. “श्वास सोडा. आता जेवढा घेता येईल तेवढा घ्या.” गिऱ्हाइकाचं माप घेताना छाती फुगवली की टेप बोटांतून सरकते, हे माझ्या हातांना पाठ आहे. ही टेप जेमतेम हलली. मी मान खाली घालून आकडा वाचला आणि मॅडमनी तो कागदावर लिहायच्या आधी मला समजलं की बरगड्याही धरल्या आहेत.

मग जबडा. एका शुक्रवारी दुपारी जेवायला बसलो. अम्माने तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण केलं होतं. घास तोंडाशी नेला आणि तोंड उघडेना. एक बोट आत जाईल एवढंच उघडलं. कानाजवळ कट्ट असा आवाज झाला. भाकरी कालवणात कुस्करली, तिचा लगदा केला आणि चमच्याने आत सारला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी अम्माला म्हणालो, मला पेज दे.

अम्मा पाट सरकवून समोर बसली. “माझ्या हातची भाकरी नको झाली का रे तुला?”

“तसं नाय अम्मा.”

“मग तोंड उघड बघू.”

मी एकतीस वर्षांचा माणूस, आईसमोर तोंड उघडायचा प्रयत्न करत होतो आणि ते उघडत नव्हतं. तिने ओढणीचा पदर तोंडावर धरला. नसीम दारात उभी होती, तिनेही पाहिलं.

हे मी मॅडमना तीन आठवडे सांगितलं नाही. वाटायचं, सांगितलं नाही तर ते कागदावर येणार नाही, आणि कागदावर आलं नाही तर झालंच नाही. शेवटी नसीमने माझ्या देखत सांगून टाकलं. मॅडम माझ्यावर चिडल्या, खरोखर चिडल्या. “मी काय तुमची परीक्षा घेते आहे का? मला कळलंच नाही तर औषध कशाच्या आधारावर बदलू?” त्यांनी औषध बदललं. दोन महिन्यांत जबडा बराचसा सुटला. ज्याला हा आजार आहे आणि जो हे वाचतोय, त्याला माझं एवढंच सांगणं आहे. नवीन काही दुखलं, सुजलं, आखडलं की ते आपल्यापाशी ठेवू नका. मी ठेवलं, आणि खुब्याच्या बाबतीत तर फारच उशीर केला.

खुबा

मशिदीत माझी जागा दुसऱ्या रांगेत असायची. शेवटी सलाम फेरताना, म्हणजे उजवीडावीकडे तोंड करताना, मान वळत नसे, म्हणून मी खांद्यांसकट वळायचो. शेजारच्यांना सवय झाली होती. एका दुपारी मी सिजद्यात गेलो आणि उजव्या जांघेत असं काही अडकलं की वर येता येईना. सगळी रांग उठली. मी एकटा कपाळ चटईला लावून तसाच. ओरडावं तर नमाज चालू आहे. डोळ्यांसमोर फक्त चटईच्या हिरव्या रेघा. माझ्या मनात आलं, आता मी कायमचा असाच राहणार. असाच उचलून घरी नेतील.

नमाज संपल्यावर रहीमचाचा आणि आणखी एकाने काखेत हात घालून मला उभं केलं. रहीमचाचा आमच्या गल्लीतले, सत्तरीचे. ते हळूच म्हणाले, “खुर्ची घेऊन बसत जा बेटा, अल्लाला चालतं.” त्यांच्यापाठी रांगेच्या टोकाला एक खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीवर म्हातारी माणसं बसायची.

एक्स-रे काढला. मॅडमनी तो उजेडावर लावला. डाव्या बाजूला मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची खोबण यांच्यामध्ये एक काळी रेघ होती, स्वच्छ. ती मोकळी जागा, त्या म्हणाल्या. उजव्या बाजूला ती रेघ शोधावी लागत होती.

“मांडीत किती दिवस दुखत होतं?”

“वर्ष झालं असेल.”

त्या एक्स-रे पाकिटात घालू लागल्या. मला वाटलं, जबड्याच्या वेळेसारख्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नसीम

नसीमला तेव्हा सहावा महिना होता. लग्नानंतर चार वर्षांनी घरात पाळणा हलणार होता. अम्मा खुशीत होती, माझा मोठा भाऊ कुवेतहून फोन करून नावं सुचवत होता. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. माझ्या रक्ताच्या तपासणीत काहीतरी निघालं होतं, जे आईबापांकडून मुलांत उतरू शकतं. मी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या की उतरू शकतं, पण उतरलं तरी बहुतेकांना आजार होत नाही.

एक्स-रे पाहून आलो त्या दिवशी नसीम बाळासाठी दुपटं शिवत बसली होती. माझ्याच दुकानातल्या मऊ कापडाचं. तिने विचारलं, “काय म्हणाल्या मॅडम?” आणि मी, देव जाणे कुठून, म्हणालो, “हे मूल व्हायला नको होतं.”

ती रडली नाही, भांडली नाही. सुई दोऱ्यासकट कापडात खोचून ठेवली. बाळंतपणाला ती पुढच्या महिन्यात माहेरी जाणार होती. दुसऱ्याच दिवशी तिचे वडील येऊन तिला उरणला घेऊन गेले.

तीन आठवडे मी गेलो नाही. लोकांना सांगायचो, सिझन आहे, शाळेचे गणवेश आहेत. खरी कारणं दोन होती. तिला तोंड दाखवायची लाज, आणि एसटीची पायरी. ती पायरी आता माझ्यासाठी फार उंच झाली होती. मांडी वर उचलायची म्हणजे खुब्यात कोणीतरी पकडीने धरून पिळल्यासारखं होई. शेवटी अम्मा म्हणाली, “तू जातोस की मी जाऊ?”

गेलो. पनवेल स्टँडवर उरणची गाडी लागली. मी दांडा धरला, डावा पाय पायरीवर ठेवला, पण उजवा काही वर येईना. खाली पाय, वर पाय, मी मध्येच अडकलेला. पाठी माणसं. कोणीतरी ओरडलं, “ओ, चढा की लवकर!” इथे पडलो तर दुसरा खुबाही जाईल, एवढंच डोक्यात.

पाठून एक कोळीण पुढे आली. मासे विकून रिकामी पाटी घेऊन घरी निघालेली, पन्नाशीची. “ए भाऊ, पाय नाय उचलत का? थांब जरा.” तिने पाटी खाली ठेवली, सरळ माझ्या गुडघ्याखाली हात घातला आणि एखादं जड भांडं उचलावं तसा पाय उचलून पायरीवर ठेवला. मग कंडक्टरला आवाज दिला, “बेल मारू नको रं, मानूस चढतोय!” मी वर जाऊन बसलो. मान खाली घालून सुटे पैसे मोजू लागलो. ती पाटी उचलत म्हणाली, “लाजू नको. आमच्या घरवाल्याला मी रोज असाच होडीत चढवते.” आणि पाठच्या बाकावर जाऊन दुसऱ्या बायकांशी बोलायला लागली, जसं काही घडलंच नव्हतं.

बहुतेक

नसीमच्या माहेरचं घर मोरा बंदराच्या वाटेवर आहे. तिचे वडील धक्क्यावर लाँचच्या तिकिटांचं काम करायचे. ते कामावर होते. नसीम पडवीत तांदूळ निवडत होती. मला चालताना बघून तिने सूप बाजूला ठेवलं. काठी मी त्या आठवड्यातच घेतली होती, ती तिने पाहिली नव्हती.

मी म्हणालो, “मी जे बोललो ते...”

“पोटात लाथा मारतंय ते,” ती म्हणाली. “दिवसभर मारतं. त्याला मी काय सांगू? बाप नको म्हणतोय?”

“मला भीती वाटते नसीम.”

“मला नाही वाटत? तुम्ही सकाळी डोळे मिटून एकेक बोट हलवता ना, मी जागीच असते. मी पण मोजते तुमच्याबरोबर.”

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, ती मोजणी माझी एकट्याची आहे.

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि विचारलं, “मॅडमनी नक्की काय सांगितलं? होणारच म्हणाल्या?”

“नाही. बहुतेकांना होत नाही म्हणाल्या.”

“मग ते बहुतेक तुम्हाला ऐकू नाही आलं?”

ती त्या दिवशी माझ्याबरोबर परत आली नाही. म्हणाली, बाळंत झाल्यावरच येईन, आणि तुम्ही दर रविवारी यायचं. मी गेलो, दर रविवारी. पायरीवर पाय ठेवायला कधी कंडक्टरने हात दिला, कधी अनोळखी पोराने. मागितल्यावर लोक देतात, हे मी तिशी उलटल्यावर शिकलो. सनाचा जन्म उरणलाच झाला. मी तिला हातात घेतली आणि सगळ्यांत आधी तिचे पाय बघितले. नसीमने ते पाहिलं आणि दुपटं तिच्या पायांवर ओढलं.

जागेपणी

औषधांनी गुडघा बराच सावरला, खांदा धरला होता तोही सुटला. खुबा मात्र नाही. अडीच-तीन वर्षांत तो जागच्या जागी गोठत गेला. मशीनवर बसणं संपलं, मी उभ्यानेच कटिंग करायचो आणि शिलाई बाहेर द्यायचो. उजवा पायमोजा नसीम घालायची. रिक्षात आडवं होऊन शिरावं लागायचं. मॅडम म्हणाल्या, आता सांधा बदलायचा. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नाव घातलं.

शस्त्रक्रियेची मला भीती होतीच, पण खरी भीती दाखवली ती भूल देणाऱ्या डॉक्टरांनी. तरुण होते, शांत बोलायचे. त्यांनी मला वर बघायला सांगितलं. माझी नजर समोरच्या भिंतीच्या वर जाईना. तोंड उघडायला सांगितलं. मग खुर्ची ओढून बसले.

“पाठीत सुई देऊन कमरेखाली भूल देतो आम्ही. तुमचे मणके चिकटलेत, सुई जायला जागा मिळेल असं वाटत नाही. पूर्ण भूल द्यावी लागेल. पण मान मागे होत नाही, त्यामुळे भूल दिल्यावर श्वासाची नळी घालणं धोक्याचं आहे. म्हणून ती आधी घालू. तुम्ही जागे असताना.”

“जागेपणी?”

“घसा बधीर करू. नाकातून घालू. तुम्ही फक्त श्वास घेत राहायचं.”

नसीमने माझा शर्ट पाठून मुठीत धरला होता. बाहेर आल्यावर मी म्हणालो, “नको. काठीवर चाललंय ते चालू दे.” ती म्हणाली, “चालतंय कुठे?” एवढंच. आणि खरंच, मी त्या वेळी भिंतीला टेकून उभा होतो.

टेबलावर मला सपाट झोपता येईना. पाठ वाकलेली, डोकं हवेत. त्यांनी डोक्याखाली एकावर एक तीन उशा दिल्या, तेव्हा ते टेकलं. घशात काहीतरी कडू फवारलं. मग नळी. दुखत नव्हतं, पण शरीराला ते कळत नाही. शरीर म्हणतं, बुडतोय. मी हात वर केला. एका सिस्टरने तो धरला. केरळच्या असाव्यात, मराठी तोडकंमोडकं. “मास्टर, श्वास घे. सोड. परत घे. मी हाय.” मी घेतला. सोडला. टेप न हलवणारी माझी ती छाती, तिच्यात जेवढी हवा मावेल तेवढी घेतली. कलमा मनात म्हणत होतो, अर्ध्यावर विसरलो, पुन्हा सुरुवातीपासून. किती मिनिटं गेली मला माहीत नाही. माझ्या आयुष्यात याहून मोठी भीती आजवर आलेली नाही. मग त्या डॉक्टरांचा आवाज आला, “शाबास, झालं,” आणि दिवे गेले.

नंतर

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला वॉकर धरून उभं केलं. उजवी टाच जमिनीला लागली. कित्येक महिने ती अधांतरीच होती. टाक्यांचं दुखत होतं, भरपूर दुखत होतं. पण ते रोज थोडं कमी होणारं दुखणं होतं. माझ्या शरीराला तसलं दुखणं माहीतच नव्हतं. मी हसलो, तेव्हा नसीम पहिल्यांदा रडली.

आजार गेलेला नाही. तो जाणारा नाही, हे मला माहीत आहे. गुडघा वर्षातून एखादी चक्कर मारून जातो. डाव्या खुब्यातली काळी रेघ पूर्वीपेक्षा बारीक झाली आहे. मॅडम दर सहा महिन्यांनी ती बघतात आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतो. व्यायाम एक दिवस चुकवत नाही. भीती कमी झाली का, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर आहे, नाही. मी फक्त ती आता एकट्याने बाळगत नाही. सकाळी नसीम विचारते, “काय म्हणतायत?” म्हणजे सांधे. मी सांगतो.

गेल्या महिन्यात उरणला गेलो होतो. सना आता चार वर्षांची आहे. तिला मोऱ्याला लाँच बघायची होती, म्हणून आम्ही दोघंच धक्क्यावर गेलो. ओहोटी होती. ती पुढे पळत गेली, आणि मला तिच्यापाठी पळता येत नाही. मी हाक मारली. ती थांबली आणि तिथेच दगडावर फतकल मारून बसली. मी पोचल्यावर तिने शेजारची जागा हाताने झाडली.

“अब्बा, बसा ना.”

“अब्बाला इतकं खाली बसायला मनाई आहे बेटा. नवा सांधा निसटेल.”

तिने जरा विचार केला. मग उठली, फ्रॉकची धूळ झटकली आणि माझं बोट धरलं.

“मग मी पण उभी राहते.”

लाँच यायला अजून अर्धा तास होता. ती उभी राहिली.